युनियनच्या यादीतली ६३२ नावं

ही परिषद न्यू जर्सीतल्या आयसेलिनमध्ये भरली आहे. इथल्या ओक ट्री रोडवरची मिठाईची आणि साड्यांची दुकानं संध्याकाळपर्यंत उघडी आहेत. तोवर या परिसराची जरा वेगळी ओळख.

पलीकडेच एडिसनचं मेन्लो पार्क. एडिसनच्या दिव्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. इथल्याच वुडब्रिजमध्ये १८६५ साली जन्मलेल्या क्लॅरेन्स डॅलीचं नाव मात्र कुणी घेत नाही. हा काच फुंकणारा कारागीर पुढे एडिसनच्या क्ष-किरण प्रयोगांत मदतनीस होता. क्ष-किरणांची नळी नीट चालते का, हे पाहायला तो स्वतःचाच हात किरणांसमोर धरायचा. हात भाजले, मग कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसनने त्या कामाचा नादच सोडला.

न्यू जर्सीतलं विषशास्त्र असं उंदरांच्या आधी माणसांवरच सुरू झालं. ऑरेंज गावात घड्याळांच्या तबकड्या रेडियमने रंगवणाऱ्या मुली ब्रशला ओठांनी टोक काढायच्या. रेडियम त्यांच्या शरीरात साठतं, हे १९२५ मध्ये हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी दाखवलं.

पण या परिषदेत ज्यांच्या कामाची आठवण सर्वांत आधी काढायला हवी, ते डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ. ब्रुकलिनमध्ये १९१५ साली जन्मलेला हा छातीच्या विकारांचा डॉक्टर. स्टेटन आयलंडच्या सी व्ह्यू रुग्णालयात एडवर्ड रॉबिट्झेक यांच्यासोबत त्यांनी क्षयावर आयसोनियाझिड हे औषध वापरून पाहिलं आणि १९५२ मध्ये त्याचे निकाल जगभर गाजले. एवढ्यावर एखाद्याने आयुष्यभर सत्कार घेतले असते.

सेलिकॉफ यांनी मात्र न्यू जर्सीतल्याच पॅटरसनमध्ये दवाखाना चालवला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अॅस्बेस्टॉसच्या एकाच कारखान्यातले १७ कामगार तपासणीला आले. धाप, खोकला, आणि वर्षं सरतील तसे मृत्यू. अॅस्बेस्टॉस फुप्फुस खातं हे ब्रिटनमध्ये १९३० सालीच नोंदलं गेलं होतं. रिचर्ड डॉल यांनी १९५५ मध्ये कर्करोगाशी त्याचं नातं आकड्यांत मांडलं होतं. म्हणजे पहिला शोध सेलिकॉफ यांचा नव्हे. त्यांची हुशारी वेगळीच होती: ते युनियनच्या दप्तराकडे वळले.

न्यूयॉर्क आणि नेवार्कच्या उष्णतारोधक बसवणाऱ्या कामगारांच्या युनियनकडे सभासदांच्या जुन्या याद्या जपलेल्या होत्या. हे लोक कारखान्यातले नव्हते. इमारतींमध्ये, जहाजांवर बॉयलर आणि नळांना अॅस्बेस्टॉस गुंडाळायचं त्यांचं काम. धुळीशी संबंध त्या मानाने तुरळक, म्हणून धोका नाही, अशी समजूत होती. १९४२ च्या अखेरीस यादीत असलेल्या ६३२ जणांचं पुढच्या वीस वर्षांत काय झालं, हे सेलिकॉफ, जेकब चर्ग आणि कायलर हॅमंड यांनी एकेक नाव घेऊन शोधलं. फुप्फुस आणि त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सुमारे ७ मृत्यू अपेक्षित होते, झाले ४५. एप्रिल १९६४ मध्ये हे छापून आलं आणि समजूत मोडली. चार वर्षांनी त्याच चमूने धूम्रपान आणि अॅस्बेस्टॉस एकत्र आले की धोका किती पटींनी वाढतो, तेही मांडलं.

त्यानंतरचं एक काम तर अंगावर काटा आणतं. पॅटरसनचा तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला होता. सेलिकॉफ आणि त्यांचे सहकारी कामगारांच्या घरी पोहोचले. ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं, अशा घरच्या माणसांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत खुणा होत्या. नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायका, त्या घरात वाढलेली मुलं. ही धूळ बापाच्या अंगावरून घरात आली होती.

आपल्याकडे भारतात चाळीच्या पडवीवर, गोठ्यावर, शाळेच्या वऱ्हांड्यावर हेच अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आहेत. गिरणगावातली कापसाची धूळ वेगळी, केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या श्वासावर तिचा परिणाम अभ्यासला. अॅस्बेस्टॉसबाबत सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ ला सांगितलं, की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद काम सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर संपेल तोवर ठेवावी. आदेश चोख आहे. पण कंत्राटदाराकडे सहा महिने राबून गावी परतलेल्या माणसाचं नाव कोणत्या वहीत शोधायचं? अमेरिकेलाही क्रायसोटाइल या प्रकारच्या अॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम काढायला मार्च २०२४ उजाडला, तेव्हा इथल्यांनीही फार ऐट करू नये.

सेलिकॉफ १९९२ मध्ये याच राज्यातल्या रिजवुडमध्ये वारले. सभागृहात रॅहवे, न्यू ब्रन्सविककडच्या औषध कंपन्यांत विषपरीक्षणाचं काम करणारे अनेक जण दिसत आहेत. कामगारांच्या नोंदींच्या या प्रश्नावर त्यांनी संकोच न करता बोलावं, ही स्वागत समितीची विनंती. व्यासपीठ आता अध्यक्षांच्या स्वाधीन.