पत्र्याच्या पाव्याचा वास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या हस्तव्यवसायाच्या गुरुजींचा मी विद्यार्थी. पुढे आयुष्यभर मी मराठी शिकवले. कातर आणि डाख यांच्याशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला. तेव्हा आज मी संतवाङ्मयावर किंवा दख्खनीतील मराठी शब्दांवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांचे पत्र आले. हस्तव्यवसायाचा बंद पडलेला वर्ग पुन्हा सुरू होणार असून, गुरुजींची आठवण म्हणून पहिल्या वर्षी मुलांकडून त्यांचा तो पत्र्याचा पावा करवून घ्यावयाचा आहे, असे त्यात होते. पत्र वाचून मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. त्या धास्तीचे कारण सांगण्यासाठीच मी आजचा विषय निवडला आहे.

गुरुजींच्या वर्गात जे बसले त्यांना तो पावा आठवत असेल. डालड्याच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून तो लोखंडी गजाभोवती वळवायचा, सांध्याला डाख द्यायचा, तोंडाशी लाकडी बूच बसवायचे, त्याखाली धारदार काठाची एक फट पाडायची आणि पुढे सहा भोके. मूळ नमुना इंग्रजी. सिकंदराबादच्या छावणीतील एका बँडवाल्याकडे आपण तो पाहिला, असे गुरुजी सांगत. इंग्लंड-आयर्लंडात याला टिन व्हिसल म्हणतात. सफोक परगण्यातील रॉबर्ट क्लार्क नावाच्या एका शेतमजुराने 1843 साली स्वस्त पत्र्याची अशी शिट्टी बनवायला घेतली आणि पुढे मँचेस्टरला जाऊन तिचा कारखाना काढला. आयरिश लोकांनी ती इतकी आपलीशी केली की आज ती त्यांचीच वाटते. आपल्याकडे तिचे नाते बासरीशी जोडतात ते तितकेसे बरोबर नाही. बासरी आडवी धरतात आणि फुंकर ओठांनी घडवावी लागते. ही उभी, आणि फुंकरीला वाट देण्याचे काम बूच करते. म्हणजे ती आपल्या अलगुजाची बहीण.

आता वासाकडे वळतो. उभ्या पाव्याची ती फट वाजवणाऱ्याच्या नाकापासून चार बोटांवर असते. आत जो काही वास असेल तो प्रत्येक फुंकरीसरशी तेथून बाहेर पडतो आणि नाकात शिरतो. म्हणून गुरुजींचा एक नियम होता : पावा तयार झाला की आधी हुंगून बघायचा, मग ओठांना लावायचा. आम्ही मुले हसत असू. एकेकाचा पावा नाकाशी धरून ते निवाडा देत: "याचा डाख नीट धुतला नाहीस", "याचे बूच ओल्या लाकडाचे", "तू हात न धुता आलास". हा शेवटचा निवाडा तर आम्हांला निव्वळ थट्टेचा वाटे. तो थट्टेचा नव्हता, हे कळायला मला पुढची चाळीस वर्षे लागली.

लोखंडाला, पितळेला, तांब्याला एक वास असतो, असे आपण सारेच मानतो. लोखंडी कठड्यावरून हात फिरवावा, पितळी कडी उघडावी, मूठभर नाणी मोजावीत आणि हात हुंगावा. तो किंचित बुरशीसारखा, किंचित रक्तासारखा वास ओळखीचा असतो. पितळी नळीची शिट्टी अर्धा तास वाजवली की बोटांना तोच वास येतो, आणि नवखे वादक धातूला दोष देतात. वस्तुतः नेहमीच्या उष्णतेत लोखंड किंवा पितळ यांची वाफ होत नाही, आणि जे हवेत उडत नाही त्याचा वास नाकाला येणार कोठून? 2006 साली डीटमार ग्लिंडेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आंगेवांटे केमी' या जर्मन नियतकालिकात या कोड्याचा उलगडा प्रसिद्ध केला. आपल्या कातडीवरील तेलकटपणा हवेतील प्राणवायूने हळूहळू बिघडत असतो. घामाने लोखंडाचा अत्यल्प अंश विरघळतो. तो त्या बिघडलेल्या तेलाशी भिडला की तेलाचे तुकडे पडतात आणि त्यांतून काही उडून जाणारी द्रव्ये निघतात. त्यांतील एकाचा वास तर आळंबीसारखा आहे. आपण ज्याला धातूचा वास म्हणतो तो हा. तांबे आणि पितळ यांच्या स्पर्शानेही तसेच घडते. म्हणजे वास माणसाच्या कातडीचा. धातू केवळ निमित्तमात्र. गुरुजी "हात न धुता आलास" म्हणत ते अक्षरशः खरे होते. ते त्यांना कसे उमगले असेल, याचे मला नवल वाटते. बहुधा शेकडो पावे हुंगल्यावर, धुतलेल्या आणि न धुतलेल्या हातांतला फरक त्यांच्या नाकानेच टिपला असावा.

मराठीचा प्राध्यापक म्हणून येथे मला दोन घटका रेंगाळू द्यावे. तेल बिघडले की त्याला जो वास येतो त्याला आपण 'खवट' म्हणतो; वरील शोध एका शब्दात सांगायचा तर धातूचा वास हा माणसाच्या अंगच्या तेलाचा खवटपणा आहे. दुसरा शब्द 'कळकणे'. ताक किंवा आंबट वरण कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात राहिले की ते कळकते. या क्रियापदात वास आहे, चव आहे आणि कारणही आहे. तांब्यापितळेवर चढणाऱ्या हिरवट थराला 'कळंक' म्हणतात, आणि संस्कृत 'कलंका'शी त्याचे नाते लपण्यासारखे नाही. ओलसर कपड्याचा वास कुबट, जळलेल्या दुधाचा करपट, मासळीचा वशट, मिरच्यांची फोडणी नाकात शिरली तर खाट. आपल्या आयाबायांनी वासांची जी वर्गवारी केली आहे ती पाहून रसायनशास्त्रज्ञानेही मान डोलवावी. आज हे सारे शब्द 'घाण वास' या एका गाठोड्यात बांधले जातात. शब्द गेला की नाकाची पारखही हळूहळू बोथट होते, असे माझे मत आहे. ते कोणी खोडून काढले तर मला आनंदच होईल.

कल्हई हा शब्द अरबी 'कलई'वरून आला. आपल्या हैदराबादेत तो काम करणारा कलईगर, आणि सुलतानबाजार-काचीगुड्यातील मराठी घरांत कल्हईवाला. डब्याचा पत्रा म्हणजे तरी काय? पातळ लोखंडी पत्र्यावर कथलाचा मुलामा, अर्थात लोखंडाला केलेली कल्हई. हे कथील निर्गंध असते. कल्हईवाल्याच्या भट्टीवर जो नाक झोंबणारा पांढरा धूर उठे तो नवसागराचा. नवसागर तापला की त्यातून दोन वायू सुटतात आणि हवेत निवल्यावर पुन्हा एकत्र येऊन त्यांचा धूर होतो. भांडे घरात आले की धूर गेलेला असे. तसेच डाखाचे. डाख देताना जो धूर दिसतो तो राळेचा असतो. देवघरातल्या धुपाची आठवण करून देणारा हा वास मला अजूनही प्रिय आहे. परंतु राळेच्या धुराने कारागिरांना दमा जडतो, हे आता वैद्यकात सर्वमान्य आहे. गुरुजी राळेऐवजी बहुधा तेजाबात जस्ताचे तुकडे विरघळवून ते पाणी वापरीत. ते धुऊन काढले नाही तर पाव्याला आंबूस, झणझणीत वास राहतो आणि सांधाही कुजतो. 'डाख नीट धुतला नाहीस' हा निवाडा त्यासाठी असे.

लाकडाविषयी थोडेच. क्लार्कच्या शिट्टीचे बूच सीडरचे असते. पेन्सिलीला टोक काढताना येणारा वास याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडांचा. वादकांना तो आवडतो. गुरुजींकडे सीडर कोठून येणार? आम्ही फळांच्या खोक्यांच्या फळ्या वापरल्या. पहिले दोन आठवडे छान. मग फुंकरीची वाफ आणि लाळ मुरून बूच फुगे आणि त्याला कुबट वास येई. वाजवून झाल्यावर पावा झटकून उघड्यावर वाळवणे एवढाच त्यावर उपाय.

आजच्या हौशी कारागिरांपुढे आणखी निराळे वास आहेत. बाजारातली पितळी शिट्टी घ्यावी, तिचे प्लॅस्टिकचे तोंड गरम पाण्यात धरून सैल करावे आणि आतल्या पोकळीत मेण किंवा चिकट पुट्टी भरून सूर नितळ करावा, असा प्रकार तिकडे सर्रास चालतो. मेणाचा वास दोन दिवसांत जातो, पुट्टीचा तेलकट वास रेंगाळतो. याहून गंभीर प्रकार प्लॅस्टिकच्या पाइपाचा. आपल्याकडे बांबूच्या बासरीला तापलेल्या सळईने भोके पाडण्याची रीत आहे. जळक्या बांबूचा तो वास कोणालाही आवडावा. पण तीच सळई कोणी नळाच्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपाला लावू नये. त्यातून मिठाच्या तेजाबाची वाफ निघते. ती घशाला लागते तेव्हा नाक आपले काम चोख करीत असते: माणूस आपोआप मागे सरतो. पाइपाला भोक सामत्यानेच, म्हणजे गिरमिटानेच पाडावे.

नाक आपले काम चोख करते, असे मी आत्ताच म्हणालो. आता त्याची चूक सांगतो. माझी खरी धास्ती येथे आहे.

आम्ही जो डाख वापरीत होतो त्यात कथिलाबरोबर शिसे असे. त्या काळी बहुतेक डाखांत असे. कथील आणि शिसे यांचे मिश्रण लवकर वितळते आणि छान पसरते. आमच्या पाव्याचा सांधा तोंडाच्या टोकापर्यंत येत असे. तो दाताखाली येई. आम्ही तो चघळतही असू. शिशाला वास नाही. डाख देण्याइतक्या आचेने शिशाची म्हणण्यासारखी वाफही होत नाही. गुरुजींनी कितीही वेळा हुंगले असते तरी त्यांच्या नाकाने 'ठीक आहे' असेच सांगितले असते. जीभ तर आणखी फसवी. आंबवलेल्या पदार्थात मुरलेले शिसे गोड लागते. द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यांत आटवून तो गोडीसाठी वापरण्याची रोमन लोकांची रीत प्रसिद्धच आहे. जुन्या इंग्रजी शिट्ट्यांतही एके काळी शिशाचे बूच असे. ते पुढे प्लॅस्टिकचे झाले. आणि आपल्याकडे कल्हईच्या कथलात शिसे मिसळण्याची लबाडी जुनीच आहे. मुलांच्या रक्तात शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित, असे सांगता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. गुरुजींना यातले काही ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. तरी ज्या माणसाने आम्हांला ओठांना लावण्याआधी वस्तू पारखायला शिकवले, त्याच्याच हातून शिशाचा सांधा आमच्या ओठांपर्यंत आला, ही गोष्ट मला त्यांच्या स्मृतिदिनी सांगावी लागत आहे. न सांगता बसलो असतो तर मुख्याध्यापकांनी पुढील महिन्यात तोच डाख मागवला असता.

म्हणून काही सूचना करतो. पावा अवश्य करावा. डाख बिनशिशाचा घ्यावा. कथिलात थोडे तांबे मिसळलेला मिळतो. युरोपीय संघाने 1 जुलै 2006 पासून विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध आणल्यामुळे तो आता सर्वत्र बनतो. त्याला आच थोडी अधिक लागते, एवढेच. सांधा तोंडापासून दोन बोटे अलीकडे थांबवावा आणि ओठांखाली केवळ लाकूड यावे. पितळी नळी वापरायची तर बेगमबाजाराजवळच्या कसारहट्ट्यातून तुकडा उचलून आणू नये, तिच्यात काय आहे ते विचारावे. खरादकामासाठीच्या पितळेत सुबक कापले जावे म्हणून दोन-तीन टक्के शिसे मुद्दाम घालतात. पीव्हीसी पाइप टाळावा हे उत्तम. त्यातही शिशाचे क्षार मिसळले जात, म्हणून 2021 साली भारत सरकारला नियम करावे लागले. डाख देण्याचे काम शिक्षकांनी करावे, खिडक्या उघड्या ठेवून. आणि हुंगण्याचा नियम कायम ठेवावा; पण वर्गात दहा मिनिटे बसलेले नाक वर्गाच्या वासाला सरावते, म्हणून मुलाने आधी पटांगणात एक फेरी मारून यावे आणि मग पावा नाकाशी धरावा. त्याला कोणता वास आला ते त्याने मराठीत, योग्य त्या शब्दात वहीत लिहावे. हे शेवटचे कलम मी स्वार्थाने घातले आहे.

माझा 1963 सालचा पावा आज मी बरोबर आणला आहे. बूच वाळून सैल झाले आहे, मुलामा उडून पत्रा गंजला आहे आणि सांध्यावरचा तो राखाडी डाख अजून घट्ट आहे. टोकाशी माझ्या दातांच्या खुणा आहेत. तो मी शाळेच्या स्वाधीन करतो. काचेच्या कपाटात ठेवावा, कोणी वाजवू नये, आणि जो कोणी हातात घेईल त्याने नंतर हात साबणाने धुवावेत.