चिकटवही : घराच्या आठवणींचे जतन



बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा दिवाणाच्या पेटीत फोटोंची एक जुनी पिशवी असते. लग्नाचे, बारशाचे, तीर्थयात्रेचे, दुकानाच्या मुहूर्ताचे फोटो तीत एकमेकांना चिकटून पडलेले असतात. दिवाळीच्या साफसफाईत कधी ती पिशवी उघडली, तर नातवंडांचा पहिला प्रश्न असतो, "हे कोण?" या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी व्यक्ती पुष्कळदा घरात एकच उरलेली असते. ती आजी आहे तोवर फोटोतील माणसे ओळखीची आहेत. तिच्यामागे तेच चेहरे घरच्यांना परके होतात.

अंबडसारख्या वस्तीत या प्रश्नाला अधिक धार आहे. औद्योगिक वसाहतीच्या निमित्ताने ठिकठिकाणांहून कुटुंबे येथे आली आणि स्थिरावली. जुने घर, जुनी पेठ, गावातील जुने मंदिर मागे राहिले. अशा कुटुंबाजवळ मूळ गावाची खूण म्हणून पुष्कळदा मूठभर फोटोच असतात. ते नीट लावून, नावे लिहून, एका वहीत बांधून पुढच्या पिढीच्या हाती देणे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. मराठीत अशा वहीला चिकटवही हा सुटसुटीत शब्द आहे. शाळेत मुले पाना-फुलांची चिकटवही करतात. येथे घराची चिकटवही करावयाची आहे.

नाव लिहिण्याचे मोल समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. अंबडच्या जवळच, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात पांडवलेणी आहेत. चोवीस लेण्यांचा हा समूह मुख्यतः बौद्ध असला, तरी अकराव्या लेण्यात ऋषभदेव व अंबिका यांच्या प्रतिमाही आहेत. तेथील तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. पुळुमावीच्या राज्याचे १९ वे वर्ष, ऋतू, पक्ष व दिवस त्यात दिला आहे. दान काय दिले, कोणाला दिले हे सांगितले आहे. आणि देणारी स्त्री कोणाची माता व कोणाची आजी होती, हेही आवर्जून कोरले आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ही स्त्री आज नावानिशी व नात्यानिशी ठाऊक आहे, ती या काही ओळींमुळे. कोण, केव्हा, कोठे आणि नाते काय, या चार गोष्टी ज्या फोटोखाली लिहिल्या आहेत, तो फोटो आपला शिलालेख बरोबर घेऊन चालतो.

त्याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला आग्रा आहे. तेथील जैन संघाने १६१० साली आचार्य विजयसेनसूरी यांना एक सचित्र विज्ञप्तिपत्र पाठविले. आचार्यांना चातुर्मासाची विनंती करणारी, लांबच लांब गुंडाळी असलेली ही पत्रे म्हणजे त्या त्या गावाचा चित्रसंग्रहच असे. आग्र्याचे पत्र उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने रंगविले. जहांगीर बादशहाच्या दरबारापासून संघातील लोकांपर्यंत अनेक व्यक्ती त्यात आहेत आणि प्रमुख व्यक्तींजवळ त्यांची नावे लिहिली आहेत. चित्र आणि अक्षर शेजारी शेजारी ठेवण्याची ही परंपरा समाजाला अशी जुनी आहे. ग्रंथाच्या अखेरीस लिहिणाऱ्याचे, लिहवून घेणाऱ्या कुटुंबाचे, गावाचे व संवताचे नाव देणारी पुष्पिका हा तिचाच दुसरा नमुना होय.

याच्या उलट उदाहरण मुंबईचे आहे. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ मध्ये मुंबईतील निरनिराळ्या समाजांच्या फोटोंचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातील दुसरा महाराष्ट्रासंबंधी आहे. एका ठिकाणी काढलेल्या माणसांमागे दुसऱ्या ठिकाणचे दृश्य जोडण्याची कलाकुसर त्यात केलेली आढळते. फोटो उत्तम आहेत, पगड्या आणि दागिने स्पष्ट दिसतात. परंतु बहुतेक चित्रांखाली समाजाचे नाव आहे, व्यक्तीचे नाही. त्यातील एखादी स्त्री कोणाच्या तरी खापरपणजीची आई असेल, पण तिला ओळखण्याचा मार्ग आज उरलेला नाही. कला साधली आणि माणूस हरवला.

स्त्रियांच्या बाबतीत ही हानी अधिक होते. मेरठजवळील सरधना येथे १८४४ साली एका जैन कुटुंबात जन्मलेले लाला दीनदयाळ पुढे हैदराबादच्या निजामांकडून 'राजा' ही पदवी मिळविणारे थोर छायाचित्रकार झाले. पडद्यातील स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि त्याचे काम स्त्रीकडेच सोपविले. अशा प्रयत्नांमुळे स्त्रियांचे चेहरे फोटोत आले. त्यांची नावे मात्र घरोघरी मागे पडत गेली. लग्नात आडनाव बदलते, अनेक घरांत पहिले नावही बदलत असे. वंशावळीत पणजोबांचे नाव असते, पणजीच्या जागी नुसती रेघ. म्हणून चिकटवहीत प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि माहेरचे गाव अवश्य लिहावे. घरातील कोणी दीक्षा घेतली असेल, तर संसारी नाव, दीक्षेचे नाव व दीक्षेचे वर्ष, तिन्ही नोंदवावीत. नाहीतर पुढील पिढीला त्या दोन निरनिराळ्या व्यक्ती वाटतील.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावे. कात्री आणि गोंद हाती घेण्याआधी ज्येष्ठांजवळ बसावे. एका बैठकीत दहा-बारा फोटोंपेक्षा अधिक घेऊ नयेत. फोटो दाखवावा, बोलू द्यावे आणि ते बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. तारीख आठवत नसेल, तर "थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी" एवढेही पुरे, तसेच लिहावे. अंदाज असेल तेथे 'अंदाजे' असे स्पष्ट म्हणावे. जुन्या कृष्णधवल फोटोच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने क्रमांक घालावा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो, म्हणून ते टाळावे.

दुसरा नियम असा की मूळ फोटो कधीही कापू नये. प्रथम त्याची स्कॅनरवर प्रत घ्यावी. लहान जुन्या फोटोसाठी ६०० डीपीआय ठेवल्यास मोठी प्रतही स्वच्छ निघते. चिकटवहीत प्रती लावाव्यात आणि मूळ फोटो वेगळे, थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावेत. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकट त्याचा फोटो घ्यावा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ओल धरते, हेही ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट साहित्याची. चिकट पानांवर पातळ प्लॅस्टिक ओढलेले आल्बम एके काळी घरोघरी आले. त्यांचा गोंद पिवळा पडतो आणि फोटो पानाला कायमचा धरून बसतो. सेलोटेपचेही तेच. त्याऐवजी आम्लविरहित जाड कागद घ्यावा. सुती चिंध्यांपासून केलेला चांगला हातकागद यास उत्तम. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हा व्यवसाय शतकानुशतके चालत आला आहे. फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवावा, म्हणजे हवा तेव्हा काढता येतो.

सजावटीला पुष्कळ वाव आहे. नाथद्वाराच्या चित्रकारांनी फोटोतील भाविकांचे चेहरे कापून हाताने रंगविलेल्या चित्रात बसविण्याची सुंदर रीत चालविली होती. प्रतींवर असा प्रयोग मुलांना सहज करता येईल. एका पानावर दुकानाचा फोटो आणि शेजारी जुन्या बिलाची प्रत लावावी. तीर्थयात्रेच्या पानावर प्रवासाचा हाताने काढलेला नकाशा असावा. लग्नाच्या पानावर पत्रिका घडी घालून लावावी, म्हणजे उघडून वाचता येईल. आजीच्या फोटोखाली तिच्याच अक्षरातील एखाद्या पदार्थाची कृती ठेवावी. आजोबा, वडील आणि मुलगा यांचे एकाच वयाचे तीन फोटो ओळीने लावले, की मुले आपोआप थांबून पाहू लागतात. मात्र एका पानावर एकच प्रसंग असावा, आणि नक्षीखाली मजकूर दबू नये.

फोटोंच्या वाटणीवरून भावंडांत मनमुटाव होतो, हे कटू असले तरी खरे आहे. प्रती काढून प्रत्येक भावाच्या व बहिणीच्या घरी एक एक वही दिल्यास तो प्रसंग टळतो आणि एका घरात पाणी शिरले तरी दुसऱ्या घरी वही सुरक्षित राहते. बहिणीचा वाटा यात विसरू नये. स्कॅन केलेल्या प्रतीही एकाच मोबाइलवर न ठेवता निदान दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. आज मोबाइलमध्ये हजारो फोटो साठतात आणि मोबाइल बदलला की त्यांचा पत्ता लागत नाही. दरवर्षी त्यातील वीस-पंचवीस निवडून, छापून, नावे लिहून वहीत लावावेत.

यासाठी वेगळा दिवस शोधण्याचीही गरज नाही. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीस, ज्ञानभंडारातील पोथ्या बाहेर काढून झटकण्याची, पाहण्याची व नव्या वेष्टनात बांधण्याची रीत आहे. जुन्या पोथ्या टिकल्या, त्यात या वार्षिक देखभालीचा मोठा वाटा आहे. ग्रंथपूजन झाल्यावर त्याच दुपारी घरातील सर्वांनी एकत्र बसून चिकटवहीची पाने उघडावीत, झालेल्या वर्षाचे एक पान जोडावे आणि न ओळखलेल्या चेहऱ्यांची विचारपूस करावी.

ज्यांना ते चेहरे ठाऊक आहेत, ती मंडळी आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसली आहेत. येत्या रविवारी त्यांच्याजवळ एक फोटो, एक पेन्सिल आणि एक तास घेऊन बसावे, एवढीच युवक-युवतींना नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र.