बास्केटबॉलमधील सहायक प्रशिक्षक : स्थान आणि कार्य

(क्रीडाशिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाहीर पोवाडा गातो तेव्हा त्याच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहिराचा श्वास जेथे तुटतो तेथे ते सूर उचलून धरतात आणि पुढील चौकासाठी त्याला अवसर मिळवून देतात. श्रोते घरी जाताना शाहिराचे नाव मुखी घेऊन जातात. झीलकऱ्यांची नावे कोणी विचारीत नाही. बास्केटबॉलच्या मैदानालगत मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारी जी दुसरी व्यक्ती बसलेली असते, तिचे स्थान बरेचसे असेच असते. त्या व्यक्तीच्या कार्याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

या खेळाचा जन्म अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी डिसेंबर १८९१ मध्ये झाला. वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयातील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा म्हणून तो रचला. त्यांच्या मूळ तेरा नियमांत पंच आहेत, कर्णधार आहेत; प्रशिक्षकाचा मात्र उल्लेखही नाही. एवढेच नव्हे, तर पुढे कित्येक वर्षे सामना चालू असताना प्रशिक्षकाने खेळाडूंना सूचना देणे नियमबाह्य समजले जाई. अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांत विश्रांतिकाळात, म्हणजे ज्याला आपण टाइम-आउट म्हणतो त्या अवधीत, खेळाडूंशी बोलण्याची मुभा प्रशिक्षकाला मिळाली ती १९४८-४९ च्या हंगामापासून. मुख्य प्रशिक्षकाची ही कथा, तर सहायकाची काय वर्णावी!

आज चित्र पालटले आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनी प्रथम सहायक प्रशिक्षकाचे पद मान्य केले आहे. खेळ चालू असताना मुख्य प्रशिक्षक किंवा प्रथम सहायक यांपैकी एकाच वेळी एकालाच उभे राहता येते. टाइम-आउट मागण्याचा अधिकार या दोघांनाच असतो. मुख्य प्रशिक्षकाला काही कारणाने काम पुढे चालविता आले नाही, तर संघाची सूत्रे प्रथम सहायकाकडे जातात. याच नियमावलीत आणखी एक तरतूद आहे. बाकावर बसलेल्या सहायकाने गैरवर्तन केले आणि पंचांनी तांत्रिक दोष दिला, तर त्याची नोंद सहायकाच्या नावे होत नाही. ती मुख्य प्रशिक्षकाच्या खाती जमा होते. म्हणजे सहायकाच्या रागाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. पंचांच्या निर्णयावर तावातावाने उठणाऱ्या सहायकाने हे सदैव ध्यानी ठेवावयास हवे.

दोष मुख्य प्रशिक्षकाच्या खाती जातो, तसे श्रेयही जाते. २०१५-१६ च्या हंगामात अमेरिकेतील गोल्डन स्टेट वॉरियर्स या व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या त्रासामुळे मैदानापासून दूर होते. ल्यूक वॉल्टन या सहायकाने संघ हाती घेतला. पहिले चोवीस सामने संघाने ओळीने जिंकले. जानेवारी २०१६ मध्ये कर परत आले तोवर वॉल्टन यांच्या देखरेखीखाली त्रेचाळीस सामने झाले होते आणि त्यांपैकी एकोणचाळीस जिंकलेले होते. परंतु तेथील संघटनेच्या नियमानुसार हे सारे विजय अधिकृत नोंदीत कर यांच्याच नावे लिहिले गेले. त्या नोंदवहीत शोधू गेल्यास वॉल्टन यांच्या नावे त्या हंगामातील एकही विजय सापडत नाही. हे न्याय्य की अन्याय्य, यावर तेव्हा चर्चा झाली. संघ कर यांनी घडविला होता, हे खरे. पण चोवीस सामने ओळीने जिंकणे हे नुसत्या वारशाचे काम नव्हे, हेही तितकेच खरे.

त्याच संघातील आधीच्या वर्षीची एक घटना सहायकाच्या कामाचे मर्म अधिक नेमके दाखविते. २०१५ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलंडविरुद्ध वॉरियर्स एकास दोन असे मागे पडले होते. निक युरेन हा मुख्य प्रशिक्षकाचा तरुण विशेष सहायक. वय अठ्ठावीस वर्षे. मुख्य काम चित्रफिती जुळविण्याचे. रात्री तो आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेच्या चित्रफिती पाहत बसला होता. सॅन अँटोनियोच्या संघाने त्या मालिकेत आरंभीच्या पाच खेळाडूंत एक बदल करून सामन्यांचा रंग पालटल्याचे त्याच्या ध्यानी आले. उंच मध्यरक्षक अँड्र्यू बोगट याच्याऐवजी आंद्रे इग्वोडाला यास प्रारंभापासून उतरवावे, असे त्याने सुचविले. संपूर्ण हंगामात इग्वोडाला एकाही सामन्यात आरंभापासून खेळला नव्हता. कर यांनी सूचना मान्य केली. वॉरियर्सनी पुढील तीन सामने जिंकून विजेतेपद मिळविले आणि मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान इग्वोडालाला लाभला. कर यांनी ही कल्पना युरेनची होती, असे वार्ताहरांना उघडपणे सांगितले. सांगितले नसते, तर जगाला ते कळले नसते. सहायकाने सुचवावे आणि वरिष्ठाने ऐकावे, ही दोन्ही कामे सारखीच कठीण. किंबहुना दुसरे अधिक कठीण.

सगळीकडे सूचना एका रात्रीत मान्य होते असे नाही. टेक्स विंटर हे १९८५ मध्ये शिकागो बुल्सचे सहायक झाले तेव्हा साठी ओलांडलेले गृहस्थ होते आणि स्वतः अनेक वर्षे महाविद्यालयीन संघांचे मुख्य प्रशिक्षक राहिलेले होते. त्रिकोणी आक्रमणाची त्यांची पद्धत १९६२ मध्येच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. तरी शिकागोत पहिली चार वर्षे ती अंगीकारली गेली नाही. १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले, त्यांनी ती स्वीकारली आणि १९९१ ते १९९८ या काळात शिकागोने सहा विजेतेपदे मिळविली. मायकेल जॉर्डनसारख्या खेळाडूच्याही साध्या छातीपासच्या चुका काढण्यास विंटर कचरत नसत. वयाने, ज्ञानाने वडील असूनही त्यांनी दुसऱ्या खुर्चीत समाधान मानले, हा त्यांच्या स्वभावाचा भाग होय. तो सर्वांनाच साधेल असे नाही, आणि साधलाच पाहिजे असेही नाही. बेकी हॅमन यांनी २०१४ पासून सॅन अँटोनियो संघात सहायक म्हणून काम केले. ३० डिसेंबर २०२० रोजी मुख्य प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांना पंचांनी बाहेर काढल्यावर त्यांनी संघ सांभाळला. तेथील पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धेत स्त्रीने संघाचे नेतृत्व करण्याचा तो पहिला प्रसंग. पुढे त्या लास व्हेगास येथील महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या आणि २०२२ मध्ये त्यांच्या संघाने विजेतेपद पटकाविले.

भारतात हा खेळ वाय. एम. सी. ए. मार्फतच रुजला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले, तेथून शिकून गेलेले शिक्षक देशभर पसरले. १९३४ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारतीय संघ खेळला. खेळाचा पाया मात्र शाळेतच घातला जातो, आणि शाळेत बहुधा एकच क्रीडाशिक्षक असतो. मग सहायक आणावयाचा कोठून?

आपल्या तालमीत वस्ताद एकटा सर्वांना कधीच शिकवीत नसे. जुना पठ्ठ्या नव्याला पकड दाखवी, वस्ताद बाजूला उभा राहून दोघांनाही पाही. हीच रीत येथे उपयोगी पडते. गणिताच्या अथवा भाषेच्या शिक्षकाला, माजी विद्यार्थ्याला, दुखापतीमुळे खेळू न शकणाऱ्या मुलीला हे काम देता येते. त्यासाठी एक वही आणि एक पेन्सिल पुरते. सरावात प्रत्येकाने किती मुक्त फेकी टाकल्या आणि किती पडल्या, हे तीत लिहावे. सामन्यात कोणाचे किती वैयक्तिक दोष झाले, हे बिनचूक ठेवावे. पाचव्या दोषाला खेळाडू बाहेर जातो, आणि तिसरा दोष झालेला मुलगा मुख्य प्रशिक्षकाच्या लक्षात येईलच असे नाही, कारण त्याची नजर चेंडूमागे धावत असते. दर पावात संघाचे चार दोष भरले, की पुढच्या दोषापासून प्रतिपक्षाला दोन मुक्त फेकी मिळतात. हा आकडा ज्याच्या जिभेवर तयार आहे, तो सहायक अटीतटीच्या वेळी संघाला वाचवितो.

याहून मोलाचे काम बाकावर असते. बारा जणांचा संघ, मैदानात पाच. उरलेले सात बसून असतात. त्यांपैकी एखादी मुलगी तीन सामने बसून राहते आणि चौथ्या सामन्याला येतच नाही. घरी विचारणारेही कोणी नसते, उलट ती खेळ सोडते याचे काहींना समाधानच वाटते. मुख्य प्रशिक्षकाला त्या घाईत तिच्याकडे पाहण्यास सवड नसते. प्रतिपक्षाची पाच क्रमांकाची मुलगी नेहमी उजव्या हातानेच का वळते, ते बघून सांग, असे सहायकाने तिला सांगितले, तर ती मुलगी सामन्यात असते, बाकावर नसते.

शिक्षणाधिकाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांना एक विनंती करणे अवश्य आहे. दोन तास मैदानावर उभा राहणारा हा दुसरा शिक्षक वेळापत्रकात दिसत नाही आणि त्याच्या गोपनीय अहवालातही दिसत नाही. निदान तेथे त्याचा उल्लेख व्हावा. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या गुणपत्रिकेवर प्रत्येक संघाच्या यादीखाली मुख्य प्रशिक्षकाच्या नावाची ओळ असते आणि तिच्याखाली प्रथम सहायक प्रशिक्षकाच्या नावाची दुसरी ओळ असते. सामना सुरू होण्यापूर्वी मुख्य प्रशिक्षक त्या यादीवर स्वाक्षरी करतो. स्वाक्षरी करताना त्याने ती दुसरी ओळ कोरी राहिली नाही ना, हे पाहून घ्यावे.