मी स्वयंपाक शिकले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण पाककलेच्या वर्गाला गेलेल्यांपैकी कोणी तरी चार शब्द बोलावे, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. आणि सर्वांत कमी येत होते ते मला, म्हणून मीच बोलावे असे ठरले! तेव्हा चुकेल ते सांभाळून घ्यावे.

आधी एक कबुली देते. वयाची चाळिशी उलटली तरी मला धड स्वयंपाक येत नव्हता. लग्न होऊन आले ती एकत्र कुटुंबात. चूल सासूबाईंच्या ताब्यात. त्यांना आम्ही आईच म्हणतो. हाताखाली थोरल्या जाऊबाई. माझ्याकडे वरकाम : भाज्या निवडणे, दळण, वाढणे, मुलांचे शिवणटिपण. ‘राहू दे गं, मीच करते,’ असे आई म्हणत, आणि मलाही ते बरेच वाटे. अशी २२ वर्षे गेली. मग जाऊबाई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या, आणि गेल्या वर्षी आई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. सगळे स्वयंपाकघर एकदम माझ्या अंगावर आले.

घरात कोणी काही बोलले नाही. पण यजमान तीन पोळ्यांच्या जागी दोन खाऊन उठू लागले. भगिनींनो, कोणी बोलले तर सोसता येते. न बोलता पानावरून उठलेले मनाला फार लागते.

तेवढ्यात मंडळाच्या फळ्यावर वर्गाची सूचना लागली. मी ती नीट न वाचताच नाव दिले. पहिल्या दिवशी कळले, की वर्ग पोळीभाजीचा नव्हे. पाहुण्यांसाठी करायच्या खास पदार्थांचा! सूप, पुडिंग, ओव्हनमध्ये भाजलेल्या भाज्या. जिची पोळी फुगत नाही, तिने ओव्हनपुढे उभे राहायचे! परत फिरावे असे मनात आले, पण फी भरून झाली होती.

पहिलाच धडा पांढऱ्या सॉसचा. दोन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा आणि एक कप दूध. मी दुधाला उकळी आली तसा मैदा सरळ त्यातच टाकला. गुठळ्याच गुठळ्या! एकदोघी हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आले. वर्गाच्या बाईंनी मात्र एक गुठळी बशीत घेऊन फोडून दाखविली. आत कोरडे पीठ! त्या म्हणाल्या, ‘कढत दूध लागताच बाहेरचे पीठ फुगून चिकट होते, मग आत ओल शिरत नाही. म्हणून मैदा आधी लोण्यात मंद आचेवर परतायचा, पण रंग बदलू द्यायचा नाही. लोण्यामुळे पिठाचे कण सुटे राहतात. मग भांडे उतरवून थोडे थोडे दूध घालीत ढवळायचे, आणि पुन्हा आचेवर ठेवून दाट होऊ द्यायचे.’

तसे केले, आणि सॉस अगदी मऊसूत झाला. तेव्हा माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पिठल्याचे पीठ आई आधी गार पाण्यात का कालवीत, ते मला २२ वर्षांनी कळले! रोज पाहत होते. विचारले मात्र कधीच नव्हते.

त्या संध्याकाळी आईंच्या खाटेपाशी बसले. म्हटले, ‘आई, पुरणाला गूळ किती घालायचा?’ म्हणाल्या, ‘अंदाजाने.’ मी डाळीचा डबा आणि चिरलेला गूळ तिथेच नेला. ‘तुमच्या हाताने काढून दाखवा,’ म्हटले. त्यांनी काढले, मी वाटीने मोजले. डाळ एक वाटी, तर गूळही बरोबर एक वाटी! त्यांचा तो ‘अंदाज’ किती नेमका होता! कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले, त्यातही मापे वाटी-चमच्याचीच आहेत. आमच्या घरचे माप मात्र आईंच्या मुठीत होते. पुरण आटले कसे ओळखावे? ‘मधोमध उलथणे उभे राहिले की झाले.’ हे सारे मी वहीत उतरविले.

होळीला पुरणपोळी केली. पहिली फाटली. आई खाटेवरूनच म्हणाल्या, ‘कणीक सैल हवी. तेल लावून तिंब, आणि दोन तास झाकून ठेव.’ तसे केल्यावर पुढच्या साधल्या. यजमानांनी तिसरी मागून घेतली. आईंनी अर्धी खाल्ली आणि म्हणाल्या, ‘जायफळ कमी पडले. वहीत लिही.’ मला शाबासकीपेक्षा ते अधिक गोड वाटले.

वर्गातले पुडिंग पुन्हा केले नाही, खरे सांगते. पण ‘असे का?’ हे विचारायला मी तिथे शिकले. म्हणून एवढेच सांगणे, की येत नाही याची लाज धरू नये, विचारावे. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे हात चालते आहेत तोवर त्यांचे अंदाज मोजून वहीत लिहून ठेवावेत.