जुन्या मिनी ट्रॅक्टरची घरच्या घरी दुरुस्ती



भातकुली, दर्यापूर आणि पूर्णेच्या खोऱ्यातील इतर तालुक्यांत बैलजोडी बाळगणे जसजसे अवघड होत चालले आहे, तसतसा पंधरा अश्वशक्तीच्या आसपासचा, एका सिलिंडरच्या इंजिनाचा तो लहानसा ट्रॅक्टर, ज्याला आपण सगळे मिनी ट्रॅक्टर म्हणतो, कोठ्यापुढे उभा असलेला दिसू लागला आहे. आणि नवा घेण्याची ज्याची ऐपत नाही असा शेतकरी साहजिकच कोणाचा तरी जुना ट्रॅक्टर पाहावयास निघतो. अमेरिकेत घरापुढच्या विस्तीर्ण हिरवळीचे गवत कापण्यासाठी बसून चालवावयाची, जागच्या जागी गिरकी घेणारी यंत्रे असतात, आणि तेथील पुष्कळ गृहस्थ अशी वापरलेली यंत्रे स्वस्तात आणून सुटीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी ती चालती करतात. आपल्या वावरात हिरवळ नाही, पराटी आणि तूर आहे. तथापि लहान इंजिन, चार चाके, एक बॅटरी आणि मागे जोडावयाचे अवजार हा त्या यंत्राचा आणि आपल्या मिनी ट्रॅक्टरचा संसार बराचसा सारखाच आहे, आणि अंगी थोडी शिस्त असली तर त्यातील निम्मीअधिक कामे आपणही घरी करू शकतो.

या विषयात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. आपल्या भागात जुने इंजिन केवळ कामाने झिजते असे समजून लोक थेट लायनर-पिस्टनच्या खर्चात पडतात; पण त्याच्या पोटात जे जाता कामा नये ते कोणत्या वाटेने गेले, याचा शोध घेत नाहीत. काळ्या मातीची धूळ हवेच्या वाटेने जाते, खारे पाणी रेडिएटरच्या वाटेने जाते, आणि गाळ व ओल डिझेलच्या वाटेने जाते. ही तीन दारे आधी तपासावीत, ती बंद करावीत, आणि इंजिन उघडावयाचे की नाही याचा निर्णय त्यानंतरच करावा.

प्रथम खरेदीविषयी थोडेसे. नोंदणी पुस्तिकेवरील इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक प्रत्यक्ष यंत्रावर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळवून पाहावेत. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असल्यास बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला आणि फॉर्म 35, व मालकी हस्तांतरासाठी फॉर्म 29 आणि 30, हे सर्व दस्तऐवज सह्यांनिशी हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. आणि यंत्र पाहावयास जाताना, इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवावे, असे विकणाऱ्यास आधी सांगून ठेवावे. कारण गरम इंजिन एका झटक्यात सुरू होते आणि आपले पुष्कळसे दोष झाकून ठेवते, थंड इंजिनाला ते साधत नाही.

ट्रॅक्टर घरी आला की पाना उचलण्यापूर्वी तो धुवावा. मातीचा आणि तेलाचा थर निघाल्याशिवाय गळती कोठून होते ते कळत नाही, आणि मळक्या इंजिनाचे झाकण उघडणे म्हणजे बाहेरची माती आत लोटणे होय. धुताना हवेच्या नळीचे तोंड, अल्टरनेटर आणि सेल्फ प्लॅस्टिकने झाकावेत. यंत्र सपाट जागेवर उभे करून चाकांना दगडांची ओट लावावी. चाक काढावयाचे असल्यास नुसत्या जॅकच्या भरवशावर अंगाखाली शिरू नये, भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सर्वांत आधी सोडावी व जोडताना सर्वांत शेवटी जोडावी.

आता पहिले दार, हवेचे. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी सोडा आणि तिच्या आतून तर्जनी फिरवा. बोट स्वच्छ निघाले तर मागच्या मालकाने यंत्र सांभाळले आहे असे समजावे. बोटाला मऊ काळपट-करडी माती लागली, तर ती गाळणी चुकवून इंजिनात जात होती हे निश्चित. आपली माती दिसावयास लोण्यासारखी मऊ असली तरी तिच्यातील बारीक कण तेलात मिसळले की लायनर आणि रिंगा घासून काढतात. नळीला चीर आहे का, तिच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या आवळलेल्या आहेत का, हे पाहावे. तेलाच्या वाटीची गाळणी असेल तर जुने तेल टाकून, वाटी डिझेलने धुऊन, आत कोरलेल्या खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. खुणेच्या वर तेल भरण्यात औदार्य नाही, धोका आहे. जास्तीचे तेल इंजिन ओढून घेते, तेच इंधनासारखे जळू लागते आणि इंजिन आवरेनासे होते. कागदी गाळणी असल्यास ती आपटून अथवा पाण्याने धुऊन पुन्हा बसवण्याची काटकसर करू नये. उन्हाळवाहीच्या धुळीत ही तपासणी रोजची असावी.

दुसरे दार पाण्याचे, आणि अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. जे पाणी ओलितास वापरले तर जमीन चोपण होते, ते रेडिएटरला मानवेल अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो? पाणी तापले की त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आतल्या नळ्यांच्या भिंतींवर पांढऱ्या पुटाच्या रूपाने बसतात. हे पूट उष्णतेला बाहेर पडू देत नाही. आणि पाण्यातील क्लोराइड लोखंड व अॅल्युमिनियम हळूहळू कुरतडत राहते. रेडिएटर काठोकाठ भरलेला असूनही वाही सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापमानाचा काटा चढू लागला, तर हे लक्षण ओळखावे.

परंतु आतील दोष शोधण्यापूर्वी बाहेर पाहावे. सोयाबीनच्या मळणीजवळ राबलेल्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत कुटार गच्च बसलेले असते. ते पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशाने काढावे. जोराचा फवारा मारल्यास जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि हवेची वाट कायमची अडते. त्यानंतर फॅनबेल्टचा ताण आणि पाण्याच्या नळ्या तपासाव्यात. आत पूट जाड असेल तर रेडिएटर सोडून रेडिएटरवाल्याकडे द्यावा, घरी आम्लाचे प्रयोग करू नयेत. परत बसवल्यावर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, भरावे. भर शेतात नाइलाज झालाच तर पत्र्यावरून धरून ठेवलेले, गाळलेले पावसाचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा शतपटीने बरे. कूलंट चवीला गोडसर पण विषारी असते, म्हणून काढलेले कूलंट जनावरांच्या, कुत्र्यांच्या आणि मुलांच्या वाटेत उघडे ठेवू नये. आणि इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे टोपण कदापि उघडू नये. दाबाखालचे ते पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, टोपण सैल होताच मात्र ते थेट तोंडावर उसळते.

तिसरे दार डिझेलचे. हंगाम संपल्यावर अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील ओल जमते आणि तळाशी पाणी साचते. टाकीच्या तळाचा बोल्ट काढून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे आणि तासभर स्थिर ठेवावे. पाणी खाली बसून स्वच्छ वेगळे दिसते. टाकी धुवावी, फिल्टर नवे घालावे, आणि मग इंधनमार्गातील एअर काढावी. फिल्टरवरचा लहान स्क्रू सैल करून, हातपंप असल्यास तो दाबत राहावे. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे येतात, आणि अखेरीस अखंड धार लागते. धार लागली की त्या वाहत्या स्थितीतच स्क्रू आवळावा आणि पुढे पंपावरच्या स्क्रूशी हेच करावे. नोझलचा फवारा पाहण्यासाठी त्याखाली हात धरण्याची कित्येकांना सवय असते. हा फवारा वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने सुटतो, कातडी भेदून डिझेल आत घालतो, आणि त्याने बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो. अशी इजा दिसावयास टाचणीएवढी असली तरी विनाविलंब दवाखाना गाठावा.

ही तीन दारे बंद झाल्यावर इंजिनाची प्रकृती पाहावी. तेलाची पट्टी काढून तिच्यावरचा थेंब अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळावा. डिझेल इंजिनाचे तेल काळे असणे स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नये. ते दुधी दिसले तर त्यात पाणी उतरले आहे आणि हेड पॅकिंगवर संशय घ्यावा. पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर पंप अथवा नोझल गळते आहे. आणि उन्हात धरल्यावर धातूची चमक दिसली तर बेअरिंगचे आयुष्य सरत आले आहे. मग धूर पाहावा. काळा धूर बहुधा हवेची टंचाई, अतिभार किंवा नोझलचा दोष सांगतो; निळा धूर म्हणजे तेल जळते आहे; आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे किंवा डिझेल अर्धवट जळते आहे. चालू इंजिनाचे तेल भरण्याचे टोपण सैल करून पाहावे. तेथून धुराचे झोत दमादमाने येऊ लागले तर रिंगा झिजल्या आहेत. हे लक्षण निळ्या धुरासह दिसले, तरच लायनर, पिस्टन आणि रिंगा टाकण्याचा बेत करावा. आणि हवेची नळी फुटकी ठेवून नवे लायनर बसवणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की, ते नवे लायनरही त्याच धुळीच्या स्वाधीन होणार आहे.

विजेच्या बाबतीत सर्वांत मोठा शत्रू उंदीर. कोठ्यात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या तारांचे वेष्टण ते कुरतडतात, म्हणून सीटखालची आणि डॅशबोर्डमागची तार हाताने चाचपून पाहावी. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विसाव्याच्या स्थितीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12 च्या खाली गेली तर ती रिती झाली. आणि इंजिन चालू असताना आकडा 14 च्या जवळ चढत नसेल तर बॅटरीला दोष न देता अल्टरनेटरकडे पाहावे. बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, आणि चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, कारण त्या वेळी निघणारा हायड्रोजन वायू एका विडीच्या ठिणगीनेही पेट घेतो.

ब्रेकविषयी एक सूचना. मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र पेडल असतात, ते धुऱ्यावर आखूड वळण घेता यावे म्हणून. परंतु एका बाजूचा ब्रेक अधिक पकडत असेल आणि रस्त्यावर दोन्ही पेडल एकत्र अडकवलेले नसतील, तर तीच सोय ट्रॅक्टर उलटवते. म्हणून दोन्ही पेडलची चाल समान करावी आणि सडकेवर येताच ती जोडणारी पट्टी लावण्याची सवय घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्यास लावावी. मागचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे, म्हणजे एका सेकंदात नऊ फेरे घेतो. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा गळ्यातला दुपट्टा सोडवण्यास तो अवधी देत नाही, तेव्हा त्यावरचे संरक्षक कवच तुटलेले असेल तर इतर कोणत्याही भागाच्या आधी ते विकत आणावे. गवत कापणारे स्लॅशर जोडणार असाल तर पात्याला धार दिल्यावर, त्याला मधोमध छिद्र असल्यास, ते त्या छिद्रातून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून पाहावे; एक टोक खाली झुकले तर ती बाजू जड आहे, तिकडचे लोखंड थोडे घासावे, नाहीतर त्या थरथरीने बेअरिंगे सैल होतात.

डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन, हेडची घासाई, क्रँकचे ग्राइंडिंग आणि हायड्रॉलिकच्या आतील दुरुस्ती ही कामे मात्र घरी करू नयेत. ती यंत्रशाळेची कामे आहेत आणि तेथे काटकसर महाग पडते. ज्यांना हे शास्त्र अधिक शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुदनी येथे 1955 पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे, आणि अकोल्यास 1969 साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. घरातील एखाद्या मुलाने अथवा मुलीने यात लक्ष घातले तर मिस्त्रीशी बोलताना आपली बाजू कधी लंगडी पडणार नाही.

शेवटी वेळेविषयी. हे काम मृगाच्या तोंडावर काढू नका. त्या आठवड्यात मिस्त्री सापडत नाही, सुट्या भागांचे भाव चढलेले असतात, आणि घाईत गळता वॉशर पुन्हा तसाच बसवला जातो. हरभरा निघाला की काम हाती घ्या. दुरुस्तीनंतरचे पहिले काही तास यंत्रावर अर्धाच भार टाका, मग नटबोल्ट पुन्हा आवळा आणि इंजिनाचे तेल बदला. एक वही करून तीत तेल, फिल्टर आणि कूलंट कधी बदलले हे यंत्राच्या तासांसह टिपून ठेवा. उद्या तुम्हालाच हा ट्रॅक्टर विकावयाचा झाला, तर रंगरंगोटीपेक्षा त्या वहीची पाने घेणाऱ्याला अधिक पटतील.