वरून दिसतं, खाली कळतं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू नेमकं काय काम करतोस?" असं सकाळपासून मला चार जणांनी विचारलं. चहा पिता पिता नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतो. मी शहरांचे नकाशे करतो. कुठे छप्पर, कुठे डांबर, कुठे झाड, कुठे गवत आणि कुठे उघडी माती, हे दाखवणारे नकाशे.

त्यासाठी विमानातून किंवा ड्रोनने फोटो काढतात. पण नुसत्या फोटोत उंची नीट कळत नाही. सिमेंटचा रस्ता आणि घराचा स्लॅब वरून सारखाच दिसतो. म्हणून सोबत लेसर असतो. या पद्धतीला लायडार म्हणतात. यंत्र सेकंदाला लाखो वेळा प्रकाश खाली सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर, हे सरांनी आपल्याकडून पाठ करून घेतलंच होतं. वेळेवरून अंतर कळतं आणि अंतरावरून उंची. झाडावर पडलेला थोडा प्रकाश शेंड्यावरून परततो, थोडा फांदीवरून, आणि पानांतून वाट मिळाली तर थोडा जमिनीवरून. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या 508 किलोमीटर मार्गाची पाहणी अशाच हवाई लेसरने झाली.

मग फोटो कशाला? आपल्या काष्टीचंच बघा. दहा फुटी ऊस आणि बांधावरचं पत्र्याचं शेड, लेसरला दोघांची उंची सारखीच. पण हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. पत्र्याचं तसं नाही. अवरक्त टिपणारा कॅमेरा असला की हा फरक लगेच कळतो. दोघं मिळून काम फत्ते!

तरीही चूक होते. शनिवारी विमान आलं तर आपलं बाजारतळ जनावरांनी आणि पालांनी भरलेलं दिसेल, रविवारी रिकामं. खरं कोणतं, हे गावातल्या माणसालाच विचारावं लागेल. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते. तिचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला. तिथेही उड्डाणाआधी हद्दींवर चुन्याची फक्की टाकतात. कुणाची हद्द कुठे, हे ड्रोनला कळत नाही.

हा धडा मी चुकून शिकलो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली. त्यानंतर मी दुसऱ्या एका ओढ्याकाठचा नकाशा करत होतो. पावसाचं किती पाणी मुरेल, किती वाहील आणि धोका कोणत्या घरांना, हे त्यावरून ठरणार होतं. मोठ्या झाडांच्या एका पट्ट्याखाली लेसरने जमिनीपासून आठ फुटांवर सपाट काहीतरी दाखवलं. मी ते झुडूप समजून काढून टाकलं आणि नकाशावर 'झाडी' लिहिलं.

पुढे पडताळणीसाठी तिथे गेलो. झाडांखाली पत्र्याची अकरा घरं होती. एका मावशींनी पाणी दिलं, नकाशा बघितला आणि विचारलं, "यात आमचं घर कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही. यंत्राने घर दाखवलं होतं, पुसलं मी होतं. त्या रात्री बसून नकाशा दुरुस्त केला. तेव्हापासून पायी फिरून आल्याशिवाय मी कोणताही नकाशा देत नाही.

आता शेवटची गोष्ट. आपल्या बॅचतर्फे शाळेच्या सगळ्या पटांगणाला पेव्हर ब्लॉक बसवायचे, असं ग्रुपवर ठरतंय. भावना चांगली आहे, चिखल मीही तुडवलाय. पण माझ्या नकाशात तो तुकडा 'माती'मधून 'पक्का पृष्ठभाग' या रंगात जाईल. आज तिथे मुरणारं बरंचसं पाणी मग फाटकातून रस्त्यावर वाहील आणि लिंबांच्या मुळांना तहान लागेल. म्हणून विनंती आहे: फाटकापासून वर्गांपर्यंत वाट पक्की करू, झाडांभोवती आणि खेळाच्या जागेत माती राहू देऊ. उरलेल्या पैशांत छपराचं पाणी जिरवायला शोषखड्डा करू.

त्याआधी नववीच्या मुलांना टेप घेऊन पटांगण मोजू द्या. पाणी कुठे साचतं, हे त्यांना माझ्या विमानापेक्षा जास्त माहीत असेल. मोजायला शिकवायला मी स्वतः येईन.