फोटोंची दुसरी प्रत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मुरगूडचा. मास्तरकीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. यंत्रातलं मला फार कळतं असं नाही, पण गूगल फोटोज नावाचं मोबाइलमधलं अॅप मी काही वर्षं वापरतोय. ते कसं आहे, असं ओळखीचे लोक विचारतात. उत्तर द्यायचं तर एका ट्रंकेपासून सुरुवात करावी लागेल.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आपल्याला आठवत असेल. पंचगंगेसारखीच आमची वेदगंगाही पसरली. आक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं घर नदीकाठच्या गावात. पाणी येतंय म्हटल्यावर तिनं जनावरं सोडली, धान्य माळ्यावर टाकलं. फोटोंची ट्रंक खाटेखालीच राहिली. चार दिवसांनी उघडली तर फोटो एकमेकांना चिकटलेले. ओढायला गेलं की अल्बमच्या प्लॅस्टिकबरोबर चेहराच निघून यायचा. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२५ साली काढलेला मूक ‘सावकारी पाश’ आज बघायला मिळत नाही. तिथं आमच्या अल्बमचं काय घेऊन बसलात! तरी एकसष्ट फोटो वाचले. ते सावलीत वाळवले आणि पुण्याहून आलेल्या मुलानं मोबाइलवर एकेक टिपून घेतले. मग त्यानं हे अॅप चालू करून दिलं. “आता पूर आला तरी काळजी नाही,” म्हणाला.

पहिली काही वर्षं मजेत गेली. हे अॅप चेहरे ओळखून माणसांचे गठ्ठे लावतं. शंका आली की विचारतं, ही एकच व्यक्ती आहे का? एकदा त्यानं वडिलांचा तरुणपणीचा फोटो आणि माझा लग्नातला फोटो शेजारी ठेवून हाच प्रश्न केला. मी बराच वेळ उत्तरच दिलं नाही.

हे २०१५ साली निघालं तेव्हा थोडे आकसलेले फोटो कितीही ठेवा, फुकट होतं. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. आता पंधरा जीबी मिळतात, आणि त्यातच आपली ईमेलही बसते. फोटो तीन एमबीचा धरला तर हिशेबानं पाच हजार फोटो. नातवंडांचे व्हिडिओ सुरू झाले की ही जागा कधी संपते ते कळतही नाही. जास्त जागेला दरमहा पैसे. जागा वाचवणारा पर्याय निवडला तर सोळा मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो लहान केला जातो. भिंतीवर लावायच्या फोटोला तेवढा पुरतो, माझी काही तक्रार नाही.

आता दुरुस्तीचं सांगतो. उजेड वाढवणं, वाकडा फोटो सरळ करणं हे सोपं आहे. २०२४ पासून फोटोतली नको असलेली वस्तू पुसून टाकायची सोयही सगळ्यांना मिळाली. वडील तंबाखूच्या शेतात उभे आहेत, असा एक फोटो होता. कडेला अर्धा कापलेला एक माणूस, हातात खुरपं. मी त्याच्यावर बोट फिरवलं, तो गेला. त्या जागी यंत्रानं तंबाखूची पानं भरली, तीही इतकी बेमालूम की मलाच कौतुक वाटलं. आक्काला दाखवला. तिनं फोन डोळ्याजवळ नेला आणि म्हणाली, “आरं, ह्यातला आपला वाटेकरी कुठं गेला? त्याचा दुसरा फोटो हाय का कुणाकडं?”

नव्हता. बरं, अॅपनं दुरुस्त केलेली प्रत वेगळी ठेवली होती, मूळ फोटो तसाच होता. पण ती पानं खरी नव्हती, हे आक्कानं न विचारता माझ्या लक्षात आलं नसतं.

खरी चूक पुढं झाली, आणि ती सर्वस्वी माझी. एके दिवशी ईमेल येणं थांबलं. जागा भरली होती. मी विचार केला, फोटो फोनमध्ये आहेतच, अॅपमधले काढून टाकू. जुने निवडले आणि कचरापेटीचं चिन्ह दाबलं. ते फोनमधूनही गेले. मी दोन प्रती समजत होतो. प्रत्यक्षात ती एकच वही दोन खिडक्यांतून दिसत होती. ‘जागा मोकळी करा’ असं वेगळं बटण आहे. त्यानं फोनमधली प्रत जाते आणि वरची राहते. पण त्यानं फोनमधली जागा सुटते, माझी भरली होती ती वरची. म्हणजे तेही माझ्या कामाचं नव्हतं.

अॅपवर चढलेले फोटो कचरापेटीत साठ दिवस राहतात. आठव्या दिवशी आक्का माहेरपणाला आली, फोटो मागितले, म्हणून कळलं. एकसष्टच्या एकसष्ट परत मिळाले. मी पेटी रिकामी केली असती, किंवा आक्का तीन महिन्यांनी आली असती, तर?

एक गोष्ट मात्र गेली. भाच्यानं पुराच्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर पाठवलेले घराचे फोटो. कॅमेऱ्याचे फोटो आपोआप चढतात. व्हॉट्सअॅपच्या फोल्डरला मात्र आपण स्वतः परवानगी द्यावी लागते. ती मी दिली नव्हती, आणि मधल्या काळात फोन बदलला होता.

तेव्हा कुणी विचारलं तर मी सांगतो, अॅप चांगलं आहे, ठेवा. पण एक बिनकामाचा फोटो काढून तो पुसून बघा, कुठून कुठून जातो ते. मुलाकडच्या हार्ड डिस्कवर वर्षातून एकदा सगळं उतरवून घ्या. दोन वर्षं अॅप उघडलंच नाही, तर त्यातले फोटो काढून टाकले जाऊ शकतात, असाही त्यांचा नियम आहे. म्हाताऱ्या माणसांच्या खात्याचा पासवर्ड घरात कुणाला तरी माहीत असू द्या.

परवा मुरगुडातल्याच एका स्टुडिओत तंबाखूच्या शेताचा फोटो कागदावर काढून घेतला, मूळचा, खुरप्यासकट. आक्कानं दोन प्रती करायला सांगितल्या होत्या. दुसरी वाटेकऱ्याच्या मुलाला द्यायची आहे.